खिडकीला सासूचं लुगडं

वसईकडच्या गास गावातल्या थेरेसाचं स्वयंपाकघर इतकं पांढरं झालं होतं, की त्यात ठेवलेलं पापलेट सापडत नसे. ही थाप वाटत असेल तर अर्नाळ्याच्या विनया कोळणीला विचारा. तिने एकदा चांगली जोडी ओट्यावर ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि वळून बघते तर ओटा रिकामा. दोघींनी मिळून मांजराला शिव्या घातल्या. आपलं मांजर झालं, मग शेजारच्याला घातल्या. शेवटी थेरेसाने ओट्यावरून फडकं फिरवलं तेव्हा पापलेटं हाताला लागली. जिथल्या तिथे होती बिचारी.

"बाय, यापुढे मी तुला हलवाच आनीन," विनया म्हणाली. "काला मासा तो, दिसतो तरी. आनि मला पानी बाहेरच दे. आत आली की माझ्या पायांचे ठसे उमटतात."

थेरेसाला तो शब्द माशाच्या काट्यासारखा टोचला. ठसे! आता या घरात माणसाच्या पायांचे ठसे मोजले जाणार? पोलीस चौकी आहे की काय?

झालं होतं असं, की थेरेसा लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली, सोबत नवऱ्याला, बर्नार्डला, घेऊन गेली, आणि मागे राहिलेल्या थोरल्या मुलाने आणि सुनेने तेवढ्यात स्वयंपाकघर नवं करून घेतलं. भिंती पांढऱ्या, लादी पांढरी, ओटा पांढरा, कपाटं पांढरी. कपाटांना हँडलं नाहीत. दाबली की आपोआप उघडतात. पहिल्याच दिवशी बर्नार्ड कोपराने टेकून उभा राहिला तर मागून दार उघडलं आणि पाठीत असं बसलं, की त्याने वळून "सॉरी" म्हटलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा त्याने कधीचा पेटीत टाकला होता, तो पुन्हा काढला. तेव्हापासून तो चहा गॉगल लावून प्यायचा.

"सरप्राइज, मम्मी!" थोरला जेसन म्हणाला होता.

"सरप्राइज?" थेरेसा म्हणाली. "माणूस घरी येऊन बघतो तर त्याचं नाक कापलेलं, त्यालाही सरप्राइजच म्हणायचं का?"

पण झालेलं काम मोडता येत नव्हतं. जेसनने बजावून ठेवलं होतं: लाद्या फोडायच्या नाहीत, रंग द्यायचा नाही, खिळा तर मारायचाच नाही, टाइल तडकते.

"खिळ्याशिवाय घर असतं का रे?" थेरेसा कडाडली. "अरे, जगाचं तारण करायचं होतं तेव्हा देवाच्या पुत्रालासुद्धा तीन खिळे लागले!"

बर्नार्डने घाईघाईने क्रूसाची खूण केली. जेसनने मात्र मान हलवली नाही.

आता गासची रीत ठाऊक नसेल तर थेरेसाचा राग कळायचा नाही. गासमध्ये घराचं पुढचं दार तीनच माणसांसाठी असतं: फादर, वीजमीटर बघणारा आणि सोयरीक घेऊन येणारा. बाकी सगळं गाव मागच्या दाराने येतं आणि सरळ स्वयंपाकघरात घुसतं. झाकण उचलतं, कढईतलं एक उचलून तोंडात टाकतं, मीठ कमी आहे म्हणतं, आणि मग बसतं. थेरेसाच्या मागच्या दाराने इतकी माणसं ये-जा करायची, की तिथला उंबरा मधोमध झिजून होडीसारखा झाला होता. त्यात पावसाचं पाणी साचून एकदा शेजारच्या डॉमनिकच्या बदकाने पिल्लं काढली होती म्हणतात. खरंखोटं बदकाला ठाऊक.

आणि आता? आळीतल्या बायका दारापर्यंत यायच्या, बाहेरूनच "थेरेसा गो" म्हणायच्या, कढीपत्ता नाहीतर आंबट कैऱ्या दारातून आत सरकवायच्या, जसं कैद्याला जेवण सरकवतात, आणि चालू पडायच्या. "ये ना आत," म्हटलं तर म्हणायच्या, "नको गो, वाडीतून आले, पायाला माती आहे." जशी काही पूर्वी विमानातून उतरून यायच्या!

थेरेसाचा सगळा राग सुनेवर होता. सून रोवेना विरारच्या बँकेत नोकरीला. तिथल्याच मनवेलपाड्याच्या चाळीत वाढलेली, गावची नव्हे. भांडखोर असती तर थेरेसाला बरं वाटलं असतं, एकदा भांडून मोकळं झालं असतं. पण ही भांडत नसे. ही हसायची आणि पुसायची. तुम्ही ओट्याला हात लावला की तुमच्या हातामागून तिचा हात आलाच, फडक्यासकट. थेरेसा मनात म्हणायची, 'उद्या मी मेले तर ही मला दफनाच्या आधी पुसून घेईल.'

तरीसुद्धा थेरेसा गप्प राहिली असती. पण ईस्टरनंतरच्या रविवारी मिस्सा संपली आणि चर्चच्या आवारात, सगळ्यांच्या देखत, ग्लोरियामावशीने सांगून टाकलं, "यंदा आळीचा मसाला रोझलीनच्या पडवीत."

ग्लोरियामावशी म्हणजे आळीतली सगळ्यांत जुनी बाई. तिचं वय कोणाला माहीत नव्हतं, पण गावातली विहीर खणताना आपण उभ्या राहून सूचना दिल्या होत्या असं ती सांगायची, आणि विहीर काही नाही म्हणायला येत नसे.

"का?" थेरेसाने विचारलं. "माझं घर वाहून गेलं?"

"वाहून कशाला जाईल? उलट धुऊन निघालंय," ग्लोरियामावशी म्हणाली. "तुझ्या त्या दवाखान्यात मिरच्या भाजायच्या होय? एक शिंक आली तर सून फिनेल घेऊन धावेल."

सगळ्या हसल्या. रोझलीन तर इतकी हसली, की तिला आदल्या दिवशीच सगळं ठाऊक होतं हे आंधळ्यालाही दिसावं.

मसाला हा काही नुसता मसाला नसतो. मे महिन्यात आळीतल्या सगळ्या घरांच्या मिरच्या, धणे, तीळ, खसखस एकाच चुलीवर भाजायची, एकत्र कुटायची आणि बाटल्यांत ठासून भरायची. थेरेसाच्या सासूच्या काळापासून ती चूल याच घरातली. ज्या घरात मसाला, त्या घरात वर्षभराची भांडणं, सोयरिकी, कागाळ्या आणि रडारड. मसाला गेला म्हणजे मागचं दार गेलं. आणि मागचं दार गेल्यावर उरतं काय? नालासोपाऱ्याचा फ्लॅट! तिथे शेजाऱ्याचं नाव खालच्या पाटीवर वाचून कळतं.

"मसाल्याच्या दिवसापर्यंत या बर्फाच्या पेटीला माणसाचा रंग आणते की नाही बघा," घरी येऊन थेरेसाने बर्नार्डला सांगितलं.

"आण," बर्नार्ड गॉगलआडून म्हणाला. "फक्त मला आधी सांग. मी वाडीत जाऊन बसतो."

पहिल्यांदा तिने पांढरी ट्यूब काढून पिवळा बल्ब लावला. उजेड आला, छान आला, लोण्यासारखा आला. पण त्या उजेडात सगळंच पिवळं दिसायला लागलं. बर्नार्डने वरण म्हणून हळदीचं दूध भातावर ओतलं, ते खाल्लं, आणि वर "आज फोडणी कमी आहे" म्हणाला. संध्याकाळी रोवेना आली. "मम्मी, डोळ्यांना त्रास होईल हो," म्हणत तिने ट्यूब परत लावली.

मग थेरेसाने माळ्यावरून जुना संसार उतरवला. सागवानी पाट, करवंटीचे डाव, तांब्याचा हंडा, डुकराचं इंदेल रांधायची मातीची हंडी. सगळं ओट्यावर मांडलं, जसा काही म्हातारा कुटुंबकबिला फोटोला बसलाय. संध्याकाळी रोवेनाने त्यातलं एकेक उचललं, पुसलं आणि दाबून उघडणाऱ्या दारांच्या आड ठेवून दिलं. "धूळ बसते ना, मम्मी." सकाळी थेरेसाने बाहेर काढायचं, संध्याकाळी सुनेने आत टाकायचं. भांड्यांना कळेना आपण घरात आहोत की कोर्टात.

मग तिने वाडीतून राजेळी केळ्यांचा अख्खा लोंगर आणला आणि खिळा मारायचा नाही म्हणून चिमणीला दोरीने टांगला. केळी पिकत गेली तसं स्वयंपाकघर सोनेरी झालं. पण चिमणी चालू केली की पिकल्या केळ्यांचा वास पाइपातून बाहेर गल्लीत जायचा. डॉमनिकची शेळी येऊन त्या पाइपाखाली उभी राहिली ती हलेना. तोंड वर करून वास खात राहिली आणि नुसत्या वासावर गलेलठ्ठ झाली. डॉमनिक म्हणाला, "थेरेसा, केळी काढू नकोस, माझा चारा वाचतोय." पण एके सकाळी दोन केळी सुटून त्या पांढऱ्या काचेच्या शेगडीवर पडली, फुटली, आणि रोवेनाचा चेहरा असा झाला जसे कोणी चर्चच्या अल्तारावर बूट ठेवलेत. लोंगर पडवीत गेला.

"पडदा तरी लावते," थेरेसा फणकारली. "का खिडकीलाही उघडंच ठेवायचं?"

"लावू या ना, मम्मी," रोवेना हसून म्हणाली. "रविवारी आणू. ऑफ-व्हाइट बघून ठेवलाय."

"तो कुठला रंग?"

"पांढराच. पण थोडा वेगळा."

"पांढऱ्यापेक्षा वेगळा पांढरा!" थेरेसाने हात जोडले. "बाई, तुमच्या बँकेत शिकवतात का हे?"

रोवेना कामावर गेली तशी थेरेसाने पेटी उघडली. तळाशी सासूचं लग्नातलं लुगडं होतं. लाल, चौकड्यांचं, अजून रंग न विटलेलं. आता अशी लुगडी कोण रोज नेसतंय? लग्नाच्या मांडवात मिरवायला तेवढी निघतात. थेरेसाने ते झटकलं, खिडकीच्या गजापासून फ्रिजच्या मुठीपर्यंत दोरी ताणली आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लावून लुगडं टांगलं. खिळा नाही, ड्रिल नाही, रंग नाही. जेसनने येऊन शोधावं काय मोडलं ते!

आणि काय सांगावं! दुपारचं ऊन त्या लुगड्यातून आत आलं आणि सगळं स्वयंपाकघर कोकमाच्या सारासारखं झालं. ओट्याच्या गालावर लाली चढली. फ्रिज लाजल्यासारखा दिसायला लागला. बर्नार्डने आत पाऊल टाकलं, थबकला, हळूच गॉगल काढला आणि म्हणाला, "थेरेसा, तुझं वय कमी झालंय."

"वाडीत जा," थेरेसा म्हणाली, पण आवाजात धार नव्हती.

संध्याकाळी रोवेना आली. बघत उभी राहिली. पण काढलं नाही. आत जाऊन पोळ्या लाटत बसली.

पण खिडकीला दोन बाजू असतात, हे थेरेसाच्या ध्यानात आलं नाही. आतून तो पडदा होता. बाहेरून, आळीतल्या रस्त्यावरून, ते लग्नाचं लुगडं होतं. पेटीतून काढून उन्हात घातलेलं.

आणि लग्नाचं लुगडं ऊन कधी खातं? घरात लग्न असलं तरच.

थेरेसाच्या घरात लग्नाचं एकच माणूस होतं: धाकटा लेस्टर. वसईच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. दाढीत पांढरे केस यायला लागले होते, तरी मुलगी बघायला चल म्हटलं की त्याला ताप भरायचा. आळीने त्याची आशा सोडली होती. म्हणून तर बातमीला एवढे पाय फुटले. रोझलीनने लुगडं बघितलं आणि म्हणाली, लेस्टरचं ठरलं. चर्चच्या कोपऱ्यावर जाईपर्यंत मुलगी नर्स झाली. बाजारात पोहोचेपर्यंत डॉक्टर. तिथून परत येताना कोणीतरी अक्कल लढवली, की लग्नाआधी चर्चमध्ये वधूवरांची नावं पुकारतात, ती तर पुकारली नाहीत! मग लग्न कोर्टात. कोर्टात म्हणजे घाई. घाई म्हणजे... आणि तिसऱ्या दिवशी आळीने जुळ्यांची नावंही ठेवून टाकली होती.

लग्न करा, कोर्टात करा, आगबोटीवर करा, त्याचं आळीला काही नव्हतं. आग लागली होती ती वेगळ्याच गोष्टीची. आळीला सांगितलं नाही!

आणि लग्नघरचा कांदा कापायचा हक्क आळीचा असतो. आमंत्रण असो नसो. तो हक्क कोणाच्या बापाला काढून घेता येत नाही.

शनिवारी दुपारी, रोवेनाला बँकेची सुट्टी होती, मागचं दार धाडकन उघडलं. ग्लोरियामावशी पुढे, हातात विळी. मागे रोझलीन, तिच्या डोक्यावर कांद्यांची गोणी. तिच्यामागे अख्खी आळी, विळ्या, सुऱ्या, परड्या. बर्नार्ड तेवढ्यात दाराआडून वाडीकडे सटकला. बायका थेट आत आल्या, चपलांसकट. रागात कोण चपला काढतं?

"लपवलंस?" ग्लोरियामावशी गरजली. "तुझ्या नवऱ्याच्या लग्नाला मी कांदा कापलाय, त्याच्या बापाच्या लग्नाला कापलाय, आणि लेस्टरच्या वेळी आम्ही मेलो?"

"अगो मावशी, ऐक तर..."

"मला नाही ऐकायचं! बसा गो पोरींनो. कांदा काढा. बोलावलं नाही तर नाही, आम्ही आमचं काम करून जाणार."

आणि बसल्या की! पांढऱ्या लादीवर फतकल मारून बसल्या. विळ्या उभ्या राहिल्या, सालं उडायला लागली. कोणी कपाटाला पाठ टेकली तर दार उघडून डोक्यावर बसलं, तिने दाराला शिवी दिली. कोणी न विचारता चहाचं भांडं चढवलं. रोझलीनने कढईवरचं झाकण उचललं, एक बोंबील तोंडात टाकला आणि रागारागाने म्हणाली, "मीठ कमी आहे."

थेरेसाच्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचं म्हणा हवं तर.

आता तिने काय करावं? 'लग्न नाही' म्हणावं तर या आत्ता उठून जातात, आणि पुन्हा या दाराला पाय लावायच्या नाहीत. 'लग्न आहे' म्हणावं तर बायको आणायची कुठून? थेरेसाने आयुष्यात खूप थापा मारल्या होत्या, पण इतक्या पाहुण्यांना पुरेल एवढी नवरी तिने कधी रचली नव्हती. म्हणून ती म्हणाली, "आधी चहा घ्या. मग सांगते."

रोवेना ओट्याला चिकटून उभी होती. तिच्या लादीवर चिखलाच्या चपला, कांद्याची सालं, चहाचे थेंब. तिच्या हातात फडकं होतं आणि ते ती पिळत होती. कोरडंच.

"मुलगी कुठली?" एकीने विचारलं.

"चहात साखर किती?" थेरेसाने विचारलं.

"डॉक्टर आहे ना?"

"तुला आलं चालतं का गो?"

इतक्यात लेस्टर आला. खांद्याला पिशवी, चेहरा उतरलेला. स्टेशनपासून घरापर्यंत लोकांनी त्याला मिठ्या मारल्या होत्या.

"मम्मी," तो दारातच म्हणाला, "माझं लग्न कोणाशी आहे? म्हणजे, मला सुट्टी टाकावी लागेल का?"

सगळ्या विळ्या एकदम थांबल्या.

"नाही रे बाबा," थेरेसाचा आवाज खाली गेला. "कोणाशीच नाही."

लेस्टरने असा श्वास सोडला की चहाखालचा गॅस विझला. ग्लोरियामावशीने मात्र श्वास आत घेतला.

"मग लुगडं का टांगलंस?"

"पडदा म्हणून. घर पांढरं दिसतं गो मावशी. म्हटलं जरा ऊब येईल."

"सासूच्या लग्नाचं लुगडं," ग्लोरियामावशी एकेक शब्द चावून म्हणाली, "खिडकीला? आणि आम्ही इथे भर उन्हात एवढा कांदा वाहून आणला? उठा गो. उचला विळ्या. आता या दारात पाय ठेवील ती माझी कोणी नाही."

बायका उठायला लागल्या. थेरेसा हलली नाही. हलून काय करणार होती? एवढ्यात ओट्याकडून आवाज आला.

"बसा!"

तो रोवेनाचा होता. आजवर तिचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता, कपाटाची दारंसुद्धा दचकून उघडली.

"बसा खाली! इतके महिने मी वाट बघतेय. लग्न होऊन आले, तेव्हा म्हणाला होतात, गासमध्ये मागचं दार कधी बंद नसतं. कुठे आलात तुम्ही? हे स्वयंपाकघर केल्यावर एकेकदा येऊन गेलात, त्यानंतर कोणी फिरकलं? मी मनवेलपाड्याची म्हणून ना? चाळीतली म्हणून! आमच्या चाळीत शेजारीण आली नाही तर आम्ही तिचं दार वाजवायचो, मेली की काय बघायला. आणि तुम्ही, मावशी, अजून मला 'बाई' म्हणता. तुम्ही कोणाला बाई म्हणता? फक्त मला!"

थेरेसा बघतच राहिली. ही भांडते! आणि काय भांडते!

ग्लोरियामावशीही मागे हटणारी नव्हती. "आम्ही आलो होतो! सगळ्या येऊन गेलो. मी आले, चहा घेतला, उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि मागे वळून बघते तर तू लादी पुसत होतीस. मी बसले होते तिथेच! बाई, घरातून मयत निघालं की मागोमाग लादी पुसतात. जित्या माणसाच्या मागे नाही पुसत. रोझलीनलाही तसंच पुसलंस. विनया कोळणीलाही. मी म्हटलं, हिला आम्ही मेलेल्या हव्यात तर मेलो. कशाला यायचं?"

 कढईतला बोंबील तेवढा तडतडला.

रोवेनाचं तोंड उघडंच राहिलं. "मला... मला नव्हतं माहीत. म्हणजे माहीत होतं, पण तसं नाही मनात आलं. आमच्या घरात पावसाळ्यात गटाराचं पाणी यायचं, शेगडीच्या पायापर्यंत. भिंती काळ्या, किती घासल्या तरी काळ्याच. आई रोज पुसायची, पाहुणा असला तरी, नसला तरी. मला पांढरं हवं होतं. एकदा तरी. डाग दिसला की लगेच पुसता येईल असं पांढरं. मी माणसं नव्हते हो पुसत!" आणि हे बोलताना ती रडत नव्हती, तर संतापाने लाल झाली होती.

आता संतापायची पाळी थेरेसाची होती, आणि तिने ती सोडली नाही.

"मग सांगता येत नव्हतं?" ती ग्लोरियामावशीवर उलटली. "पोरीला सांगायचं, 'अगो, असं करू नये'! तिला नाही तर मला सांगायचं! ते नाही. तोंड शिवून बसलीस आणि मसाला उचलून रोझलीनच्या पडवीत नेलास? माझ्या सुनेला कोणी शिकवायचं? चाळीतून येताना सोबत पुस्तक घेऊन यायला हवं होतं का तिने? अख्खी आळी गप्पा मारायला पुढे आणि शहाणपण सांगायला मागच्या दाराबाहेर!"

"तू तरी कुठे सांगितलंस?" ग्लोरियामावशी म्हणाली. "तुझ्या डोळ्यांदेखत पुसत होती."

 थेरेसाने घाईने चहा ओतला आणि निम्मा बशीत गेला.

ग्लोरियामावशी जागची हलली, पण दाराकडे नाही. विळी खाली ठेवली, गुडघे धरून परत बसली. "आणि हा कांदा?" तिने आपल्यापुढच्या ढिगाकडे बघत रागाने विचारलं. "एवढा कापला, तो काय डोक्यावर घेऊन परत जाऊ? कढई चढव गो पोरी. काय बघतेस? तुलाच म्हणते."

रोवेनाने इकडेतिकडे बघितलं. बाईची पोरी झाली होती हे तिच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग तिने सगळ्यांत मोठी कढई चढवली.

लुगडं काढायला रोझलीन उठली, तर ग्लोरियामावशीने तिचा हात धरला. "राहू दे. थेरेसाच्या सासूला जन्मभर चुलीकडे तोंड करून बसवलं आपण. जरा बाहेर बघू दे म्हातारीला."

कांदा लाल झाला तसा वास वाडीपर्यंत गेला आणि बर्नार्ड आपोआप परत आला. लेस्टरला मात्र कोणी सोडलं नाही. लग्न नसलं म्हणून काय झालं, मुली होत्या. रोझलीनच्या बहिणीच्या जावेची एक, डॉमनिकच्या ओळखीतली एक. लेस्टरला लगेच ताप भरला.

"मावशी," थेरेसाने आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवून विचारलं, "मसाला कुठे?"

"कांदा इथे तळलाय, वास इथे लागलाय. मग मिरच्या तिकडे नेऊन मी काय दोन घरं शिंकवू?"

"म्हणजे?" रोझलीन ताडकन उठली. "आणि माझी पडवी? मी सारवून ठेवलीय! नवीन पत्रा टाकलाय! हा काय न्याय झाला? नाही नाही, हे चालायचं नाही!" ती जी बोलायला लागली ती अंधार पडेपर्यंत बोलत होती, आणि बोलता बोलता तीन वेळा जेवली.

मसाल्याच्या दिवशी त्या स्वयंपाकघरात इतक्या मिरच्या भाजल्या, की गास ते नालासोपारा सगळ्यांना शिंका आल्या. लोकलच्या डब्यातून उतरणारे प्रवासी एकमेकांना "गॉड ब्लेस यू" म्हणत होते; शिंकांचं कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. तिखटाची बारीक लाल धूळ भिंतींवर बसली, कपाटांच्या फटींत शिरली, ओट्याच्या कडांना लागली. जेसनने ठेकेदाराला फोन केला. ठेकेदार म्हणाला, हे गॅरंटीत येत नाही.

थेरेसा मागच्या अंगणात बसून बाटल्या भरत होती. आतून कढईचा खणखणाट येत होता आणि त्याच्यावरून रोवेनाचा आवाज.

"मावशी, पाय! किती चिखल आहे बघा जरा!"

"काय पाय?" ग्लोरियामावशी म्हणत होती. "दोनच तर आहेत. तीळ जळतायत तुझे, तिकडे बघ. बँकेत कोण तुला पैसे मोजायला देतं देव जाणे!"

"तुम्हीच बसवलीत ना आच मोठी? सरका, सरका तिकडे! म्हातारीने नुसता उच्छाद मांडलाय!"

बर्नार्ड हातातली बाटली थांबवून म्हणाला, "थेरेसा, आत जाऊन सोडव. मारामारी होईल."

"गप्प भरा," थेरेसा म्हणाली. "आणि ठासून भरा, हवा राहता कामा नये."